बुजवलेल्या भोकाची घायपात

मित्रांनो, हात मागे घ्या. मी एक बावीस वर्षांची घायपात आहे आणि कुरवाळून घ्यायला इथे उभी नाही. माझ्या पानांच्या टोकाला सुया आहेत, कडांना दाते आहेत आणि पोटात राग आहे. राग कुणाचा, ते सांगते.

माझा जन्म रस्त्याकडेच्या राडारोड्यात झाला. एका आडदांड घायपातीच्या बुडाशी मी पिल्लू म्हणून उगवले. या घरातल्या थोरल्या सुनेनं मला उपटून आणलं आणि गच्चीवर कुंडीत लावलं. खाली विटांचे तुकडे, वर जाड वाळू आणि चवीपुरती माती. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी, थंडीत जवळजवळ नाहीच, पाऊस लागला की पत्र्याखाली. जास्तीचं पाणी कुंडीच्या भोकातून निघून जायचं आणि माझी मुळं कोरडी राहायची. वर्षाला तीनचार पानं. बावीस वर्षांत मी गुडघ्याएवढी झाले. हसू नका. तुम्ही चार महिन्यांत मोबाइल बदलता, तुम्हाला काय कळणार?

लोक म्हणायचे, "काय झाड आहे!" थोरली म्हणायची, "मी काहीच करत नाही." ते काहीच न करणं तिला फार छान जमायचं. कुणाला हात मात्र लावू द्यायची नाही. धाकट्या जावेलाही नाही.

मग थोरली न्हाणीघरात घसरली. पाय मोडला, प्लास्टर चढलं, जिने बंद. तिनं धाकटीला बोलावून सांगितलं, "महिन्यातून दोनदा पाणी घाल. बास."

धाकटी गच्चीवर येऊन पुटपुटली, "दोनदा? उद्या झाड मेलं तर लोक म्हणतील, जाऊ अंथरुणात आणि हिनं झाड वाळवलं." आणि अख्खी झारी माझ्यावर रिकामी केली. पाणी कुंडीखालून निघालं आणि भिंतीवरून थेट रस्त्यावर.

मित्रांनो, तिचा नवरा प्लंबर. गळती दिसली की त्याचं डोकं फिरतं.

"प्लंबरच्याच घराची भिंत गळतेय!" तो धावत वर आला. "गिऱ्हाइकं दारात तरी उभं करतील का?" त्यानं कुंडी आडवी केली, भोक शोधलं, पाइपाला लावतात ती पुट्टी त्यात अंगठ्यानं दाबून बसवली. "आता थेंब जरी पडला तर मिशी उतरवीन."

थेंब पडला नाही. सगळं पाणी माझ्या मुळांत साचलं. धाकटी रोज झारी आणायची. माझी खालची पानं पिवळी पडली. "तहानलीय बिचारी," ती म्हणाली आणि दुसरी झारी आणली. मी आतून सडत होते, आणि ही बया मला बिचारी म्हणत होती!

खालून थोरली विचारायची, "पाणी जास्त नाही ना घालत?"

"छे हो ताई!"

दोन महिन्यांनी एका सकाळी धाकटी रडतच खाली गेली. "ताई, रोज दोन झाऱ्या घालते, तरी पिवळीच पडतेय!"

थोरलीनं पांघरूण फेकलं. प्लास्टरचा पाय पुढे धरून, बसल्या बसल्या, उलटी सरकत ती एकेक पायरी चढून वर आली. कुंडी लवंडली. आतून काळा, घाण मारणारा चिखल पडला.

"हे भोक कुणी बुजवलं?"

"गळत होतं, वहिनी," मागोमाग वर आलेला दीर म्हणाला.

"गळायलाच असतं ते, भावजी! सर्दीत नाक गळतं, तेही बुजवू का?"

धाकटी म्हणाली, "मी मायेनं केलं, ताई."

"खड्ड्यात गेली तुझी माया! मी दोनदा सांगितलं होतं की नाही?"

"का दोनदा, ते सांगितलंत? लग्न होऊन आल्यापासून मला कुंडीला शिवू तरी दिलंत का?"

थोरलीनं मला चिखलातून उचललं. मग म्हणाली, "सुरी आण."

मुळं गेलीच होती. सडकी पानं गेली, बुड पांढरं दिसेपर्यंत तासलं. उरला कोबीएवढा गाभा. दहा दिवस सावलीत सुकवून मला उघड्या भोकाच्या कुंडीत, कोरड्या वाळूवर बसवलं.

"जगेल?" धाकटीनं विचारलं.

"मुळं फुटली तर. तोवर थेंबही नको. पुन्हा सडली तर संपली."

थोरलीचा पाय त्या चढण्यानं पुन्हा बिघडला. म्हणून मला मारणारीच माझी राखण करायला उरली. ती रोज यायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

"हात शिवशिवतात, ताई!"

"मग भांडी घास!" खालून आवाज यायचा.

सहा आठवड्यांनी तिनं मला दोन बोटांनी हलवून पाहिलं. मी हलले नाही.

"ताई! मुळं धरलीत हिनं!"

"ओरडू नको. अर्धी वाटी पाणी घाल. कडेकडेनं."

तिनं वाटी भरली, अर्धी ओतली. उरलेल्या पाण्याकडे पाहत राहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकलं.

मित्रांनो, तिला मी माफ केलेलं नाही. सडलेली बावीस वर्षं परत येत नाहीत. पण ओतायला हात शिवशिवत असताना ती थांबली. तुम्हाला तेवढं जमणार नसेल, तर सजीव काही पाळू नका. घरात प्लास्टिकची फुलं लावा आणि त्यांच्यावर हवी तेवढी माया करा.