झुंबरबाबाचा कौल

ताडकळसच्या बाजारात माणसं मावत नव्हती, पण भाजीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळे झुंबरबाबाच्या मांडवात! काय तर म्हणे, तिथं माणसाचा हात आपोआप वर जातो. हात वर गेला की देवानं जिम्मा घेतला; मग दवाखाना नको, गोळी नको, सुई तर नकोच नको.

सुईवर बाबाचा भारी राग. गेल्या महिन्यात सिद्धोधन सरांना चुडाव्याच्या स्टेशनवर लकवा झाला. लोकांनी परभणीला नेलं आणि तिथल्या डॉक्टरनं नातेवाइकांची वाट न बघता रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. सर बरे होऊन गावभर हिंडायला लागले, पण गावाचा राग काही उतरेना. "कुणाला न इच्यारता सुई? माणूस हाय का ढोर?" बाबानं त्यात तेल ओतलं. "इथं देवाला इच्यारल्याबिगर काडी हलत न्हाई!"

मिरच्या विकणाऱ्या केशरबाईला हे सगळं पटलं होतं. आणि आज नेमकी तिच्याच नवऱ्याच्या, सटवाजीच्या हातातून तागडी गळाली. तोंड एका बाजूला ओघळलं, बोलायला गेला तर नुसतं "ब... ब...". जीप समोरच उभी होती. पण लोकांनी त्याला उचलून नेलं ते मांडवात.

"घरवालीचा कौल लागंल!" बाबा गरजला. चेल्यानं तिचं मनगट मांडीशी आवळून धरलं. "ढकल बाई! हात भायेर ढकल! पाप ढकल! नवऱ्याचं ढकल, सासूचं ढकल!" केशरबाईनं जीव खाऊन जोर लावला. बाबाचा मंतर काही संपेना. शेवटी चेल्यानं हात सोडला आणि अगं बाई, हात आपला आपण वर तरंगत निघाला!

"देवानं जिम्मा घेतला! परभणी कॅन्सल!"

केशरबाई रडतच बाबाच्या पाया पडली.

"थांबा!" सिद्धोधन सर गर्दीतून पुढं आले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. "बाई, आता दुसरा हात. हात खाली सोडून पंज्याची मागची बाजू या खांबाला टेकवा आन ढकला. मंतर न्हाई, मी पाढे म्हणतो."

बेचा झाला, तीनचा झाला, चारचा झाला. "आता बाजूला व्हा. हात सैल सोडा."

तोही हात वर! मग काय, कुणी खांबाला, कुणी ट्रॉलीला, कुणी भिंतीला हात लावून ढकलायला लागलं. जिकडंतिकडं हात वर. एक म्हातारी खुदकन हसली, "पाढ्यालाबी देव येतुय की!"

"देव न्हाई आजी, स्नायू. एकसारखा जोर लावला की सोडल्यावरही तो थोडा वेळ ओढत राहतो. माझा, तुमचा, बाबाचाही."

बाबा चिडला. "आन तुमाला न इच्यारता सुई टोचली, त्याचं काय?"

"इच्यारून मी काय सांगणार होतो? जीभ बंद, घरचे सोनपेठला. माणूस सांगू शकत असला, घरचे जवळ असले, तर इच्यारलंच पाहिजे. आपला हक्क हाय तो. पण कुणीच नसताना वाट बघत बसलं, तर तेवढ्यात मेंदू मरायलाय. अन् बाबा, तुमी सटवाजीला इच्यारलं का?"

सगळे सटवाजीकडं वळले. त्यानं धडधाकट हात उचलला आणि जीपकडं बोट केलं.

परभणीला डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो बघितला. "गुठळी आहे. इंजेक्शननं विरघळू शकते, पण मेंदूत रक्तस्राव व्हायचाही धोका आहे. तुमची तयारी आहे?"

"मी न्हाई म्हणले तर?" केशरबाईनं विचारलं.

"तर देणार नाही."

"आन मी इथं नसतेच तर?"

"तर त्यांच्या जिवासाठी मलाच ठरवावं लागलं असतं."

"मग द्या बाई झटकन! त्या मांडवात लय वेळ घालवला मी."

सटवाजी वाचला, बोलायलाही लागला. उजव्या हाताची बोटं मात्र अजून तागडी धरत नाहीत. मांडवातला तो वेळ परत मिळाला नाही. बाबा दुसऱ्या तालुक्यात गेलाय. केशरबाई मात्र मिरच्या मोजता मोजता प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते, "तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, की आधी गाडी काढा. आन सुई द्यायची का न्हाई, ते आजच घरात बोलून ठिवा. देवाला काय, मागून निवांत इच्यारता येतंय."