वाटणी चोख झाली

टेलिफोन ऑपरेटरचा मोठा भाऊ कुठल्याही क्षणी येणार होता. मागच्या खेपेला त्याला उलटा घातलेला शर्ट दिसला आणि त्याने बजावलंच, "पुन्हा असं काही दिसलं, तर सामान बांधायचं आणि घरी यायचं." दोन आंधळ्यांनी भाड्याच्या खोलीत आपापलं राहायचं, हे घरच्यांच्या गळी उतरवताना ऑपरेटरच्या नाकी नऊ आले होते. आता मोज्यांपायी सगळ्यावर पाणी पडणार, अशी चिन्हं होती.

काल त्याने आणि खोलीतल्या सोबत्याने, मालिशवाल्याने, नवे मोजे घेतले. प्रत्येकी एक काळा जोड, एक पांढरा. सगळे एका मापाचे, एका विणीचे, आणि दुकानदार असा शहाणा की चारही जोड त्याने एकाच पिशवीत कोंबले.

"अरे, हे तर जुनं कोडं आहे!" मालिशवाला खूश झाला. "प्रत्येक जोडाची कागदी पट्टी फाडायची. एक मोजा तुला, एक मला. दोघांकडेही दोन काळे, दोन पांढरे!"

पट्ट्या फाडल्या. वाटणी चोख झाली. ऑपरेटरने एक मोजा पायात चढवला आणि दुसरा उचलताना तो थबकला.

"आता यातला जोड कुठला?"

मालिशवाला जमिनीवरच्या फाटक्या पट्ट्या चाचपू लागला. पट्टी होती तोवर कुठलाही जोड घातला असता, तरी दोन्ही पाय एका रंगाचे झाले असते. हे आधी सुचायला काय झालं होतं? शहाणपणा चांगलाच अंगाशी आला होता.

"खिडकीत ऊन आहे," मालिशवाला हळूच म्हणाला. "काळं लवकर तापतं."

ऑपरेटरने पायातलाही मोजा काढला आणि चारही कठड्यावर मांडले. पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले, सगळे सारखेच लागत होते. जिन्यात भावाचे पाय वाजले. ऑपरेटरने शेवटचा हात फिरवला. दोन उबदार, दोन जरा कमी. की नुसता भास? दारावर थाप पडली. त्याने उबदार दोन घाईघाईने पायांत ओढले.

भाऊ आत आला, समोर बसला आणि बोलेचना.

"एक पांढरा आहे का रे, दादा?" ऑपरेटरला राहवलं नाही.

"नाही. दोन्ही काळे आहेत."

"मग बोलत का नाहीस?"

"आईने तुझी खोली आवरून ठेवलीय," भाऊ म्हणाला. "तू येणार नाहीस, हे तिला कसं सांगू?"