स्वप्नालीचे हात

स्वप्नालीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. पण तिच्याएवढी बोलकी पोर कळसाडीत दुसरी नाही, असं तिची आई सिंधुबाई सांगायची. मायलेकींनी आपसात हातांची एक बोली जमवली होती. नाकाशी बोट नेलं की आई, छातीवर थाप मारली की मी. बाकी घराला त्यातलं भूक, पाणी, चल एवढंच कळे. थोरला भाऊ हेमकांत अंदाजाने मान हलवायचा. तो न कळताच मान हलवतोय हे तिला बरोबर कळायचं आणि ती हसायची.

हेमकांतच्या लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली. शहाद्याला नेलं, तिथून नंदुरबारला नेलं, पण पोर हाती लागली नाही. मागे एकच फोटो राहिला, अपंगत्वाच्या दाखल्यावरचा, घाबरून डोळे मोठे केलेला. लग्नाच्या सीडीत ती कुठेच नव्हती.

याला आता दहा-अकरा वर्षं झाली. शहाद्याच्या धर्मेंद्रने यंदा आपला फोटो स्टुडिओ बंद केला. लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं होतं. आवराआवरीत जुनी हार्डडिस्क सापडली, ती त्याने हेमकांतच्या हातात दिली. ‘‘न कापलेलं सगळं आहे यात. सीडीत बसलं नव्हतं तेही.’’

हेमकांत एका इंजिनिअरसाठी घरांचे नकाशे काढायचा. त्यासाठी घरी चांगलं ग्राफिक्स कार्ड टाकलेला कॉम्प्युटर होता. रविवारी त्याने डिस्क जोडली आणि चित्रं पुढे-मागे करता करता एकदम थांबला. मांडवाच्या खांबाजवळ स्वप्नाली उभी होती. पिवळा ड्रेस, वेणीत अबोली. थेट कॅमेऱ्याकडे बघत ती हातांनी काहीतरी सांगत होती.

त्याने आईला हाक मारली. सिंधुबाई पदराने चष्मा पुसत आली आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली.

चेहरा स्वच्छ दिसत होता. पण हात हलले रे हलले की त्यांच्या चिंध्या होत. फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उठत आणि बोटं त्यात फाटून जात. हेमकांतने चित्र थांबवून बघितलं, हळू चालवून बघितलं. जिथे ती बोलत होती, नेमकं तिथेच काही दिसत नव्हतं.

‘‘काय म्हनी ऱ्हायनी ती?’’ त्याने विचारलं.

सिंधुबाई बराच वेळ बघत राहिली. ‘‘पोटवर हात शे तिना,’’ ती म्हणाली. ‘‘भूक लागनी म्हनी ऱ्हायनी.’’ मग तिचा आवाज फुटला. ‘‘मन्हा पोऱ्याना लगीनमा मन्ही पोर उपाशी ऱ्हायनी!’’

त्या दिवसापासून तिने जेवण टाकलं म्हटलं तरी चालेल. हेमकांतची बायको नूतन ताट वाढायची आणि तसंच उचलायची. चार घास खा म्हटलं की म्हातारी म्हणे, गावभर पंगती उठल्या आणि तिला कोणी विचारलं नाही. शेवटी नूतनच नवऱ्याला म्हणाली, ‘‘ते हात नीट दिसतील असं काहीतरी करा. ती जेवली होती एवढं तरी आईंना कळू दे.’’

हेमकांतलाही तेच हवं होतं. आईच्या डोक्यातून ती भूक काढायची. त्याने दुसरा प्लेअर टाकून बघितला. कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला. फाइल दुसऱ्या प्रकारात करून घेतली, तर रेघा त्यात कायमच्या छापल्या गेल्या. रेघा काढायचा पर्याय प्लेअरमध्ये होता आणि तो चालूही होता, पण काही फरक पडत नव्हता. हरून त्याने धर्मेंद्रला फोन लावला.

‘‘फाइल खराब नाही, हेमकांतभाऊ,’’ धर्मेंद्र म्हणाला. ‘‘आमचा तो कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. जुन्या टीव्हीवर ते पाठोपाठ दिसायचं म्हणून खपून जायचं. तुमचा कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकावर एक ठेवून दाखवतोय.’’

‘‘मग रेघा काढायचं चालू केलंय ना मी.’’

‘‘व्हिडिओ उलगडायचं काम कार्डाकडे असेल. कार्ड परस्पर चित्र पुढे ढकलतं, तुमच्या पर्यायापर्यंत ते येतच नाही. कार्डाची मदत बंद करा. प्रोसेसरला करू द्या. आणि दोन्ही अर्धी वेगवेगळी दाखव म्हणून सांगा, मिसळू नको म्हणा.’’

हेमकांतने सेटिंगमध्ये जाऊन कार्डाची मदत बंद केली, प्लेअर बंद करून पुन्हा उघडला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. आणि स्वप्नालीचे हात सुटे झाले. दहा बोटं, मनगटातल्या हिरव्या बांगड्या, अगदी अंगठ्यावरची मेंदीसुद्धा दिसली.

सिंधुबाईने एकदा बघितलं. पुन्हा लाव म्हणाली. तिचे ओठ हलत होते.

पोटावर हात नव्हताच. स्वप्नालीने छातीवर थाप मारली होती, मग नाकाशी बोट नेलं होतं. दोन बोटं जोडून दाखवली होती. मग डोळ्यापुढे मुठी धरून कॅमेऱ्याची खूण केली, आणि तळवा पुढे करून थांब म्हटलं. मागे वळून स्वयंपाकाच्या बाजूला बघितलं, पुन्हा तळवा दाखवला. थांब. आई येते. तेवढ्यात बँड वाजायला लागला आणि कॅमेरा तिकडे फिरला.

‘‘मन्हा नि आईना फोटो काढ म्हनी ऱ्हायनी,’’ सिंधुबाई म्हणाली. ‘‘आई ई ऱ्हायनी, थांब म्हने.’’

तिने चष्मा काढून पदरात धरला.

‘‘मी मांगे चुल्हाजोडे. माले कोनी सांगं नही.’’

नूतनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, ‘‘आई, उपाशी तर नव्हती ना ती.’’

सिंधुबाईने मान हलवली. ‘‘भूक लागेल ऱ्हाती ते बरं व्हतं, माय. जेवन ते मांडवमा व्हतंच. कोनी बी वाढी देतं.’’

हेमकांत उठून ओट्यावर गेला. आईचं दुःख कमी करायला बसला होता. एक काढून त्याने दुसरं हाती दिलं होतं, आणि ते त्याला परत घेता येणार नव्हतं. त्या दिवशी स्टेजवर त्याचे शेकडो फोटो निघाले होते. बहीण कुठे आहे, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी धर्मेंद्रचा फोन आला. ‘‘गेल्या का रेघा?’’

‘‘गेल्या. स्वच्छ दिसतं.’’

‘‘मला आठवते ती. बँड सुरू झाला म्हणून मी तिकडे फिरलो. पुन्हा वळलो तरी ती तिथेच उभी होती. काय म्हणत होती हो?’’

हेमकांतला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. पण धर्मेंद्रने स्टुडिओ नुकताच आवरला होता, आणि सांगून त्याच्या पदरात तरी काय पडणार होतं?

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘जेवून घ्या म्हणत होती तुम्हाला.’’

पलीकडे धर्मेंद्र हसला. बरं वाटलं म्हणाला.

सिंधुबाई पुढे हळूहळू जेवू लागली. ते चित्र तिने पुन्हा मागितलं नाही. फक्त कधीमधी, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं वाटलं की, तिचे हात मांडीवर हलायचे. काय म्हणते हे नूतनला कळत नसे, हेमकांतलाही नाही. ती बोली आता घरात तिला एकटीलाच येत होती.