टचअप न केलेले डोळे

आमच्या स्टुडिओत फोटो मी काढते आणि नवरा ते सुधारतो. मुरूम घालवणं, टाय सरळ करणं, तीन रात्री न झोपलेल्याला ताजातवाना करणं, सगळं अवाक्षर न काढता. बोलायचं खातं माझ्याकडे.

यंदा माझे डोळे बिघडले. वाळू गेल्यासारखे खुपायचे, पाणी यायचं. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघितलं तरी ते म्हणायचं, "ताई, चिडू नका हो!" आरसा सांगत होता, पण मी म्हटलं, फोटोत तर बरी दिसते. मग एक दिवस कॅमेऱ्यावरून मान वर केली, तर समोरच्या वकिलाला दोन डोकी. माझं धाबं दणाणलं. नजर गेली तर मी करणार काय?

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. थायरॉइड ग्रंथी नको तितकी काम करत होती आणि डोळ्यांमागे सूज होती.

"कधीपासून आहे हे? नवं असेल तर औषधाने सूज उतरेल. जुनं होऊन बसलं असेल तर ऑपरेशनचं बघावं लागेल. मागचे फोटो आणा."

फोटोंना आमच्याकडे काय तोटा! दिवे तपासायला नवरा दर महिन्याला मलाच खुर्चीत बसवतो. दोन वर्षांचा गठ्ठा घेऊन आम्ही दोघं गेलो.

"यात तर काहीच नाही," डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "मागच्या आठवड्यातलेही डोळे ठणठणीत."

नवरा खोकला. "ते... मी जरा लहान करत होतो."

"काय?"

"वाटलं, जागरणाने झालंय, जाईल. बघून तुलाच वाईट वाटलं असतं गं."

रागाच्या भरात माझं 'अहो'चं 'अरे' झालं. पुढचं लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी पंखा वाढवला.

"मूळ फोटो आहेत," तो पुटपुटला. "मूळ मी कधीच पुसत नाही."

धावतपळत स्टुडिओ गाठला. वर्षापूर्वी नेहमीचीच मी. सहा महिन्यांपूर्वीही मीच. पाच महिन्यांपूर्वी पापण्या किंचित वर. मग आणखी वर. शेवटच्या फोटोत भूत बघितल्यासारखी.

"पाचच महिने!" मी किंचाळले. त्याने डोळे पुसले.

"नवंच आहे," दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हसल्या. "वेळ लागेल, पण नजर शाबूत आहे. दर महिन्याला एक फोटो आणायचा. सरळ बघून, न सुधारलेला."

आनंदाने मी त्यांना मिठीच मारली. घरी येऊन तडक खुर्चीत बसले.

"हसू नकोस," नवरा म्हणाला. "हसलीस की डोळे बारीक होतात. डॉक्टर म्हणतील, मीच केले."

आता यावर कोण गंभीर राहील? सतरा फोटो वाया गेले. अठराव्याला मी ओठ घट्ट दाबून हसू आवरलं, तर कॅमेराच हलला. एकवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा माणूस पोट धरून हसत होता. मला अजून तो दोन-दोन दिसत होता. दोघंही हसत होते.