टेबलाच्या पोटावरची पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. गेल्या मंगळवारी मला जन्मात पहिल्यांदा उलटं केलं, आणि तो धक्का अजून माझ्या फळ्यांतून गेलेला नाही. पण हे सगळं सुरुवातीपासूनच सांगायला हवं.

सुताराने माझे तीन पाय चांगल्या लाकडाचे केले. चौथ्याला लाकूड कमी पडलं, म्हणून तो एका खोक्याच्या फळीतून काढला आणि वरून पॉलिश फासलं. कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. पहिल्याच आठवड्यात कळलं.

कारण मला विकत घेणारी बाई लेखिका निघाली. तिला वेगळं टेबल ठेवायला घरात जागा नव्हती. सकाळचं खाणं आटोपलं की ती मला ओल्या फडक्याने पुसायची, कागद मांडायची आणि कोपर रोवून लिहायला बसायची. ती लिहू लागली की माझा चौथा पाय डुगडुगायला लागायचा. कागद मांडलेले असताना तिच्याशी बोलायचं नाही, हा घरचा नियम होता. नऊ पुस्तकं तिने माझ्यावर लिहिली. मुलीचा अभ्यासही माझ्यावरच झाला. वरणाचे डागही पडले, पण त्यांची दखल कुठल्याच समीक्षकाने घेतली नाही.

तिचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. कानावर पेन्सिल कायम. माझा पाय सैल झाला की ते पाना घेऊन माझ्याखाली आडवे व्हायचे आणि नट आवळायचे. मग थोडा वेळ तिथेच पडून पेन्सिलीने काहीतरी खरडायचे. मला गुदगुल्या व्हायच्या. मापं लिहीत असतील, असं मी समजलो. माझं पोट मला कधी दिसत नाही.

प्रत्येक पुस्तकात लेखिका सर्वांचे आभार मानायची. प्रकाशकाचे, मुद्रितं तपासणाऱ्याचे, एकदा तर शाई आणून देणाऱ्या शेजारणीचेही. मास्तरांचे मात्र एकदाही नाही. तेच हसून म्हणायचे, घरच्या माणसाचे कसले आभार. तिलाही ते पटायचं. मलाही पटायचं, खोटं कशाला बोलू.

मग ती सकाळ आली. आतल्या खोलीतून मास्तरांनी हाक मारली, "अगं, ऐकतेस का?"

"एवढं वाक्य संपवते," ती म्हणाली.

ती रोज हेच म्हणायची. त्या दिवशी तिने एक नाही, चार वाक्यं लिहिली. ती माझ्यावरच उमटली, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. मग ती उठून आत गेली. तिने मास्तरांना तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेचा आवाज ऐकून मी सुन्न झालो. त्यांचा एक मोजा पायात होता आणि दुसरा हातात, असं नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून समजलं. डॉक्टरांनी सांगितलं की ती लगेच आत गेली असती तरी काही उपयोग नव्हता. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष माझ्यावर एक अक्षर उमटलं नाही. ती जेवायचीसुद्धा ओट्यापाशी उभ्याने. मंगळवारी तिने मुलीला सांगितलं, "हे टेबल देऊन टाक. माझ्याच्याने बघवत नाही त्याच्याकडे."

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. चाळीस वर्षं सेवा केली, आणि माझा गुन्हा काय, तर मी तिथे होतो.

मी दारातून जाईना, म्हणून पाय काढायला एका सुताराला बोलावलं. त्याने मला उचलून उताणं केलं आणि पाना हातात तसाच धरून थांबला. मग म्हणाला, "ताई, इथं काहीतरी लिहिलंय."

मुलगी गुडघ्यांवर बसली. माझ्या पोटावर पेन्सिलीच्या ओळीच ओळी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. ती मोठ्याने वाचू लागली. 'पाय आवळला. पाचवं प्रकरण अडलंय, घरात चपला वाजवायच्या नाहीत.' 'पाय आवळला. आज ती लिहिता लिहिता हसली.' मास्तर जायच्या आधी चार दिवसांची ओळ शेवटची होती. ती मुलीने अक्षरांवर बोट ठेवून वाचली.

'पाय आवळला. हाक मारली, तर म्हणाली, एवढं वाक्य संपवते. तीन पानं झाली. चालू दे. मला घाई नाही.'

लेखिका दारात उभी होती. ती खाली बसली, माझ्या उलट्या फळीवर तिने हात ठेवला आणि दीड वर्षाचं रडू एकदम रडली. एवढी वर्षं हे माझ्या अंगावर होतं आणि मला पत्ता नव्हता, याची मला फार लाज वाटली. सुताराने मला न विचारता सरळ केलं आणि तो निघून गेला.

परवा सकाळी तिने मला पुसलं आणि कागद मांडला. पुस्तकाचा अजून पत्ता नाही, पण आभाराचं पान तिने आधी घेतलं. 'सर्वांत आधी ज्यांचे आभार मानायचे राहिले, ते' एवढं लिहून झालं होतं, तोच अंगणातून मुलीची हाक आली, "आई, ऐकतेस का?"

"आले," ती म्हणाली, आणि वाक्य अर्धं टाकून उठली.

मित्रांनो, माझा चौथा पाय अजून डुगडुगतो. तो कुणीतरी आवळा, एवढी माझी विनंती आहे. आणि तुम्हाला कुणी हाक मारली तर उठा. तुमचं अर्धं वाक्य मी धरून ठेवीन.