थांबायला सांगणारी ओळ

“हा तीनशे बारा ओळींचा कचरा आहे,” साहेब म्हणाले आणि ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हॉस्पिटलच्या संगणक विभागात त्या वेळी तिघंच होती. मुख्य कार्यालयातून आलेले साहेब, त्यांनी सोबत आणलेला इंजिनिअर आणि तेवीस वर्षं त्याच खोलीत नोकरी केलेल्या ताई. समोरच्या पडद्यावर ताईंची स्क्रिप्ट उघडी होती. प्रयोगशाळेतला रक्ताचा रिपोर्ट वॉर्डातल्या सिस्टरपर्यंत पोचवणारा एक प्रोग्रॅम होता, आणि मशीन चालू झालं की त्याला कसं उठवायचं ते ही स्क्रिप्ट सांगायची. आता मशीन ज्याच्यावर चालायचं त्या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती येणार होती. तिला असल्या जुन्या स्क्रिप्ट चालणार नव्हत्या, त्याच कामासाठी नव्या पद्धतीची आटोपशीर सर्व्हिस फाइल हवी होती. इंजिनिअर ती करूनच घेऊन आला होता. अकरा ओळींची.

“कचरा?” ताई म्हणाल्या. “याच कचऱ्यावर तुमचं हॉस्पिटल चाललंय इतकी वर्षं!”

“तसं नाही हो ताई. सगळेच प्रोग्रॅम नव्या पद्धतीने बसवतोय आपण.”

“बदला ना! मी कुठे नको म्हणतेय? पण जिनं लिहिलंय तिला आधी विचारावं, एवढी तरी रीत असते. उचलली जीभ, लावली टाळ्याला!”

इंजिनिअर मुलगा तसा सरळ होता. तो चाचरत म्हणाला, “ताई, मी सगळी वाचली. यातलं बरंचसं आता सिस्टिम आपणहून करते. फक्त ही एक ओळ कळली नाही.”

त्याने दाखवलेल्या ओळीत एवढंच होतं, की प्रोग्रॅम उठवण्याआधी नव्वद सेकंद नुसतं थांबायचं. तिच्या डोक्यावर ताईंचीच टीप होती : ‘ही ओळ काढू नये.’

“का काढू नये ते लिहिलेलं नाही, म्हणून मी काढली. आठ वेळा मशीन बंद-चालू करून बघितलं. आठही वेळा व्यवस्थित.”

“बंद कसं केलंस?”

“कसं म्हणजे? नेहमीसारखं. आज्ञा देऊन.”

“वीज काय तुझी आज्ञा घेऊन जाते?”

असं म्हणून ताई उठल्या, कोपऱ्यातल्या चाचणीच्या मशीनपाशी गेल्या आणि त्याचा प्लग त्यांनी हिसकून काढला. “अहो, अहो!” करत साहेब खुर्चीतून अर्धे उठले. ताईंनी दहापर्यंत आकडे मोजले आणि प्लग परत लावला. मशीन सुरू झालं. अकरा ओळींच्या फाइलने प्रोग्रॅम झटकन उठवला, हिरवा दिवा लागला. ताईंनी एक खोटा रिपोर्ट पाठवला. तो पोचल्याची खूणही आली. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं.

“दात काढू नका. मिनिटभर थांबा,” ताई म्हणाल्या.

मिनिट झालं. “आता तोच रिपोर्ट उघड.”

इंजिनिअरने उघडायला घेतला. रिपोर्ट नव्हताच.

“वीज अचानक गेली की रिपोर्ट साठवायची मोठी डिस्क आधी स्वतःला तपासते, मग जोडली जाते,” ताई म्हणाल्या. “तोवर तिच्या जागी नुसता रिकामा फोल्डर असतो. प्रोग्रॅमला काय कळतंय? तो त्यातच रिपोर्ट ठेवतो. मग डिस्क येते आणि त्याच्यावर बसते. रिपोर्ट खाली दबून राहतो, कुणाला दिसत नाही. आणि दिवा मात्र हिरवा!”

“बाप रे,” इंजिनिअर म्हणाला. “मग हे तुम्ही लिहून का नाही ठेवलंत?”

त्याने अगदी सहज विचारलं. साहेबांनी विचारलं असतं, तर ताईंनी त्यांना तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. याच्यासमोर मात्र त्या पडद्यावरची आपलीच टीप पुन्हा वाचू लागल्या.

अकरा वर्षांपूर्वी ती ओळ नव्हती. एका दुपारी दोन मिनिटं वीज गेली होती. चौदा नंबरच्या खाटेवरच्या माणसाचा रिपोर्ट प्रयोगशाळेने पाठवला, वॉर्डात तो दिसेना. सिस्टरने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ताईंनी हिरवा दिवा बघितला आणि तिलाच झापलं, “आमच्याकडून गेलंय. डोळे उघडून बघा जरा!” रिपोर्ट सापडायला तीन तास लागले. तोवर तो माणूस गेला होता. तसाही वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ताईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी त्याच दिवशी ती ओळ घातली आणि कारण लिहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून त्या ओळीच्या आसपास जो फिरकेल त्याच्या अंगावर त्या धावून जात होत्या. राग सगळा स्वतःचा होता, ऐकून घेणारे दुसरे होते.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “ते नव्वद सेकंद नव्या फाइलमध्ये टाकून द्या, झालं.”

“काही टाकायचं नाही!” ताई कडाडल्या. “नव्वद काय आणि नऊशे काय, तो आंधळा उपाय आहे. डिस्क आणखी भरली की तपासणी लांबते, मग हे पुरायचे नाहीत. ही डिस्क जोडल्याशिवाय उठूच नकोस, असं नव्या फाइलला सांगता येतं का रे?”

“येतं की. एका ओळीत.”

“एका ओळीत,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “सांग.”

ती ओळ त्यांनी लिहिली. मग तिच्या वर टीप लिहायला घेतली. तारीख. खाट नंबर चौदा. सिस्टरचे तीन फोन, आपण दिलेली तीन उत्तरं. तीन तास. शेवटी ‘चूक माझी’ आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

साहेब मागे उभं राहून वाचत होते. त्यांचा आवाज उतरला होता. “ताई, एवढं कशाला? ही फाइल आपल्या सगळ्या हॉस्पिटलांत जाणार आहे.”

“जाऊ दे.”

जुनी स्क्रिप्ट त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली. मग कोपऱ्यात जाऊन पुन्हा प्लग काढला, पुन्हा लावला. डिस्क स्वतःला तपासू लागली. तोवर प्रोग्रॅम उठला नाही, हिरवा दिवा लागला नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. मशीन थांबलं होतं आणि त्याच्या शेजारी, भिंतीला हात टेकून, ताईही थांबल्या होत्या.