डाव्या पिळाची तार

"तेल लावलंय," गाडीखालून साबणमास्तरांचा आवाज आला. "कुठल्या तरी गाढवानं रबराला तेल लावलंय."

बाहेर उभ्या असलेल्या सिस्टरना यातलं काही उमजलं नाही. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या. गाडी चार महिन्यांपूर्वी जुनी विकत घेतलेली, पांढऱ्याची निळी करून घेतलेली, आणि गेला आठवडाभर खड्डा आला की मागून कुणी भांडी आपटल्यासारखा आवाज येतो, एवढंच त्या सांगू शकत होत्या. दुपारी दोनची ड्यूटी आहे, तोवर झालं तर बरं, हेही त्यांचं दोनदा सांगून झालं होतं.

मास्तर पाठीवर सरकत बाहेर आले. साठी ओलांडली होती, तरी गाडीखाली जाताना कुणी हात पुढे केलेला त्यांना खपत नसे. त्यांनी दोन काळी रबरं सिस्टरच्या नाकापुढे धरली आणि शिकवणी सुरू केली. सायलेन्सर गाडीला घट्ट ठोकलेला नसतो, चार रबरांवर टांगलेला असतो. इंजिन थरथरतं, सायलेन्सर झुलतो, झटका रबर सोसतं. वय झालं की रबराला चिरा पडतात, त्यात कुणाचा दोष नाही.

"पण हे चिरलेलं नाही. फुगलंय. बोट लावून बघा, कसं चिकट लागतंय. नवं रबर हुकावर चढता चढत नाही, मनगटं भरून येतात. मग आळशी माणूस तेलाचा थेंब सोडतो. चढतं सुळकन. पण तेच तेल त्याला वर्षभरात खाऊन टाकतं."

"मग लावायचं काय?"

शेजारचा सीटकव्हरवाला शिवता शिवता हसला. या प्रश्नाचं उत्तर त्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होतं. मास्तरांनी कोपऱ्यातला टवके उडालेला वाडगा दाखवला. त्यात साबणाचं पाणी होतं. पस्तीस वर्षं त्यांनी रबराला साबणाच्या पाण्याशिवाय काही लावलं नव्हतं, आणि पस्तीस वर्षांत ही गोष्ट ऐकवल्याशिवाय एकही गिऱ्हाईक जाऊ दिलं नव्हतं. नाव त्यावरूनच पडलं होतं. त्यांना ते मनातून आवडायचं.

गाडीचं काम आधी कुणी केलं होतं, हे सिस्टरना नीट ठाऊक नव्हतं. विकणाऱ्या प्राध्यापकांनी इतकंच सांगितलं होतं की सायलेन्सरची रबरं मागच्या वर्षीच बदलली आहेत, याच रस्त्यावर.

"याच रस्त्यावर," मास्तर म्हणाले आणि सीटकव्हरवाल्याकडे बघून मान डोलावली. रस्त्यावर सायलेन्सरची दुकानं दोनच. एक त्यांचं आणि दुसरं पार त्या टोकाला, धाकट्याचं.

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई आधीच गेलेली, वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. मास्तरांनी त्याला वाढवला, हातात पाना दिला, काम शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून केलेल्या एका गाडीचा सायलेन्सर भर रस्त्यात गळून पडला. मागच्या स्कूटरवरचा माणूस थोडक्यात वाचला. रबरं बघितली तर तेलानं फुगलेली. मास्तरांनी पुढचामागचा विचार केला नाही. दुकानासमोर उभं राहून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी धाकट्याची सालटी काढली. आईबापाविना पोरक्याला वाढवलं त्याचे हे पांग फेडलेस, इथपर्यंत गेले. धाकटा मान खाली घालून उभा राहिला. ना हो म्हणाला, ना नाही. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, आणि तीन महिन्यांनी रस्त्याच्या त्या टोकाला त्याची पाटी लागली.

तेव्हापासून तेलकट रबर सापडलं की मास्तरांचा दिवस चांगला जायचा. आजही त्यांनी आवाज चढवला. अकरा वर्षं झाली तरी माणूस सुधारत नाही, हात शिकवता येतो पण नियत कशी शिकवायची, वगैरे. सीटकव्हरवाल्यानं हुंकार भरला. समोरचा चहावाला ग्लास विसळायचा थांबून ऐकू लागला. मास्तरांना ऐकणारे असले की चेव यायचा.

"तुम्हाला औषधांच्या दुकानात जायचंय ना त्या बाजूला? मग ही घेऊन जा," त्यांनी दोन्ही रबरं कागदात गुंडाळली. "त्याच्या हातावर ठेवा. म्हणावं, दादांनी पाठवलीत. ओळखतोस का, विचारलंय."

सिस्टरना हे पटलेलं दिसलं नाही. पण गाडी मास्तरांच्या ताब्यात होती आणि दोनची ड्यूटी होती. त्या पुडी पर्समध्ये टाकून निघाल्या.

मास्तर पुन्हा गाडीखाली गेले. सायलेन्सरला खालून टेकू दिला, साबणाच्या पाण्यात नवं रबर बुडवलं, आणि पुढची दोन शीळ घालत चढवली. तिसरंही झालं. राहिलं शेवटचं, मागच्या बंपरच्या आत. तिथे चिखलाचा थर होता. त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला आणि हुकाच्या टोकाला गुंडाळलेली बारीक तार दिसली.

तारेचं त्यांना नवल वाटलं नाही. शेवटच्या हुकावरून रबर निसटू नये म्हणून तारेचा फेरा द्यायची पद्धत त्यांचीच. रस्त्यावर दुसरं कुणी देत नसे, फक्त धाकटा, कारण तो त्यांच्याकडेच शिकलेला. त्यांनी पक्कड लावली आणि सवयीनं पीळ सोडवायला हात फिरवला. तार सहज सुटायला लागली. फार सहज. हात थांबला.

मास्तर डावरे होते. त्यांनी दिलेला पीळ डावीकडे फिरलेला असायचा. इतर माणसं देतात त्याच्या उलटा. लहानपणी धाकटा त्यांनी बांधलेल्या तारा सोडवताना नेहमी उलट फिरवायचा, पीळ आणखी घट्ट व्हायचा, मग रडकुंडीला येऊन म्हणायचा, दादा, तुझं सगळं उलटंच असतं.

हा पीळ डावा होता.

ते तसेच पडून राहिले. चेहऱ्यावर थोडी माती पडली, ती पुसायचंही सुचलं नाही. मग पांढरी गाडी आठवली, प्राध्यापक आठवले, आणि तो दिवस आठवला. मागच्या वर्षी बायको न्हाणीघरात घसरून पडली होती. शेजारणीचा फोन आला तेव्हा दोन रबरं बाकी होती की चारही, ते नक्की आठवेना. आठवत होती ती फक्त घाई. प्राध्यापक वाट बघत उभे. वाडगा कोरडा, नळाला पाणी नाही. आणि कट्ट्यावर हाताच्या अंतरावर तेलाची बुधली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. चूक माणसाकडून होते, बायको पडली होती, कुणालाही सांगता आलं असतं. पण डोकं एकदा मागे जायला लागलं की हवं तिथे थांबत नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गाडीला रबरं कुणी चढवली होती? ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना. त्या दिवशी गळालेला सायलेन्सर रस्त्यावर झोपून वर बांधला होता तो धाकट्यानं. हूक, तार, सगळं त्यानं जवळून पाहिलं होतं. मास्तरांनी पाहिलं नव्हतं. ते शिव्या देत होते.

सिस्टर परत आल्या तेव्हा काम संपलं होतं. मास्तर स्टुलावर बसले होते, पीळ न मोडता कापून काढलेली तार खिशात होती. सिस्टरनी एक छोटा खोका पुढे केला. आत दोन नवी रबरं होती.

"त्यांनी दिली. चांगला माणूस वाटला हो. रबरं बघितली आणि हसले. म्हणाले, दादांना सांगा, मागच्या वेळी माझीच चूक होती, तशी याही वेळी माझीच."

सीटकव्हरवाल्यानं मांडीवर थाप मारली. "घ्या. कबूल केलं बेट्यानं."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. सिस्टर समोर होत्या, चहावाला होता, सगळे होते. मास्तरांनी तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते इतकंच, की पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा दाखवून जा. सिस्टर गाडीत बसल्या. गाडी खड्ड्यातून गेली आणि काही वाजलं नाही.

मग मास्तर खोका घेऊन उठले. तो रस्ता चालायला सात मिनिटं लागतात. अकरा वर्षांत ते त्या बाजूला गेले नव्हते. सामान आणायला मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचे.

धाकटा गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते, तरी मास्तरांनी ओळखले. कट्ट्यावर एक वाडगा होता, पाण्यावर साबणाचा फेस होता. मास्तर तो बघत उभे राहिले. धाकटा बाहेर आला, उठला, चिंधीला हात पुसले. कानांवरचे केस पांढरे झाले होते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी खिशातून तार काढून त्याच्यापुढे धरली. धाकट्यानं ती हातात न घेताच पाहिली.

"तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" धाकटा म्हणाला. पूर्वी तो दादाला अरे-तुरे करायचा. "तुम्ही सांगत होतात. सगळा रस्ता ऐकत होता. मी तार दाखवली असती, तर तुम्ही तिथे कसे उभे राहिला असता?"

 मास्तरांनी कसंबसं म्हटलं की चुकलं माझं. आयुष्यात हे वाक्य त्यांनी क्वचितच उच्चारलं असेल, त्यामुळे ते धड जमलंही नाही.

धाकट्यानं ऐकून घेतलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. खोका त्यानं परत घेतला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला.

"माझी अब्रू काढलीत ती चारचौघांत," तो म्हणाला. "आणि चुकलं म्हणायला एकटे आलात."

एवढं बोलून तो पुन्हा गाडीखाली गेला. मास्तर थोडा वेळ त्याच्या पायांकडे बघत उभे राहिले. मग वळले.

परतीची सात मिनिटं त्यांनी स्वतःला शिव्या देण्यात घालवली, आणि ठरवलं. उशिरा का होईना, पण धाडस त्यांनी केलं, हे कबूल करायला हवं. दुकानापाशी पोचल्यावर ते आत गेले नाहीत. बाहेर उभे राहिले, अकरा वर्षांपूर्वी उभे होते तिथेच. सीटकव्हरवाला, चहावाला आणि चहा पीत बसलेले तिघं-चौघं होते. मास्तर मोठ्यानं म्हणाले, "ऐका. ती रबरं मी चढवली होती. तेल मी लावलं. आणि अकरा वर्षांपूर्वीचंही माझंच होतं. धाकट्याचा काही दोष नव्हता."

 मग सीटकव्हरवाला हळूच म्हणाला, "मास्तर, बसा. चहा घ्या."

"मी खरं सांगतोय."

"कळतं हो आम्हाला. शेवटी रक्ताचं नातं. त्यानं कबूल केलं, तुम्ही जाऊन भेटलात, झालं गेलं पोटात घातलंत."

"पोटात काय घातलं? तेल मी लावलं."

"साबणमास्तरांनी तेल लावलं," चहावाला म्हणाला, आणि सगळे हसले. ते हसणं वाईट नव्हतं. मायेनं हसले. पस्तीस वर्षं मास्तरांनीच त्यांना जे पढवलं होतं, त्यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

मास्तरांनी खिशातून तार काढली आणि सीटकव्हरवाल्याच्या हातात कोंबली. हा पीळ बघ, म्हणाले, डावा आहे, हा माझ्या हाताचा आहे. सीटकव्हरवाल्यानं तार उलटसुलट करून पाहिली. त्याला ती तारेसारखी तार दिसली. मोठा भाऊ असावा तर असा, आमचा मोठा घराच्या वाटणीवरून कोर्टात गेला, असं तो चहावाल्याला सांगू लागला. जन्मभर दोऱ्याच्या गाठी सोडवायची सवय, बोलता बोलता त्याची बोटं तारेवर चालू लागली. मास्तर बघत राहिले. थांब म्हणावंसं वाटलं, पण पीळ जपून आता कुणाला दाखवायचा ते कळेना.

पीळ सुटत गेला. सीटकव्हरवाल्यानं शेवटचं वेटोळं अंगठ्यानं दाबून काढलं, तार मांडीवर घासून नीट केली आणि परत दिली.

"घ्या मास्तर, सरळ करून दिली," तो म्हणाला. "पुन्हा वापरता येईल."